चंचल मुलाचा पालक कोण?

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड या तालुक्यांतील पाड्यांवरच्या शाळांत असा एखादा विद्यार्थी हटकून भेटतो, की जो पाच मिनिटे एका जागी टिकत नाही, अर्धे सोडवलेले गणित टाकून दाराबाहेरच्या कोंबडीमागे निघतो, दुसऱ्याचे उत्तर पुरे होण्यापूर्वीच स्वतः बोलून मोकळा होतो, आणि ज्याच्या प्रगतिपुस्तकावर 'लक्ष नाही' हा एकच शेरा वर्षानुवर्षे उमटत राहतो. घरचे त्याला वांड म्हणतात, गुरुजी मस्तीखोर म्हणतात, आणि पाचवी-सहावीत पोचेपर्यंत तो स्वतःही आपल्याविषयी तेच मत बनवून बसतो. जगभरच्या पाहण्यांचा मेळ घातला असता शाळकरी मुलांपैकी सुमारे ५ टक्के मुलांमध्ये ही अवधानाची अडचण आढळते. तिला एडीएचडी असे नाव असून ती संगोपनातील हलगर्जीपणामुळे उद्भवत नाही, किंबहुना तिच्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, हे आता शास्त्राला पुरेसे ठाऊक झाले आहे. परंतु या ज्ञानाचा लाभ डोळखांबच्या किंवा धसईच्या मुलापर्यंत कोणत्या वाटेने पोचावा, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही.

औषध निरुपयोगी आहे असे प्रतिपादन करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. अमेरिकेत ५७९ मुलांवर १४ महिने चाललेल्या आणि १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात, काटेकोर देखरेखीखाली दिलेले औषध मूळ लक्षणांवर केवळ वर्तनोपचारापेक्षा अधिक प्रभावी ठरले होते. त्याच मुलांची तीन वर्षांनी पुन्हा पाहणी झाली तेव्हा गटागटांतील हा फरक उरलेला नव्हता, हेही तितकेच खरे आहे. आपल्याकडे मेथिलफेनिडेट हे यातील प्रमुख औषध औषधी नियमांच्या 'एक्स' अनुसूचीत मोडते, त्यामुळे दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लिहावी लागते आणि तिची एक प्रत दुकानाच्या दप्तरी जपून ठेवावी लागते. हा बंदोबस्त योग्यच आहे. परंतु शहापूरकराला आसनगावचे स्थानक तरी जवळ आहे. मुरबाडला रेल्वे नाही, आणि टोकावड्याच्या बापाने मजुरी बुडवून आधी मुरबाड, मग कल्याण आणि तेथून पुढे बालमानसतज्ज्ञ गाठावा, हे महिन्यामागून महिने घडत राहील अशी अपेक्षा करणे म्हणजे त्या मुलाला वाऱ्यावर सोडणे होय. ज्याला औषधाची खरोखर गरज आहे त्याला ते मिळालेच पाहिजे. पण औषधावाचून जे करता येते ते करण्यास येथे कोणाची आडकाठी आहे?

आणि असे करता येण्याजोगे पुष्कळ आहे. सहा वर्षांखालील मुलांसाठी औषधाआधी पालकांना वर्तनव्यवस्थापनाचे प्रशिक्षण द्यावे, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ च्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेतही पाच वर्षांखालील मुलांसाठी हाच क्रम असून, त्याहून मोठ्या मुलांच्या बाबतीतसुद्धा आधी भोवतालच्या परिस्थितीत अनुकूल बदल करून पाहावेत असा दंडक आहे. तथापि त्याही आधीची एक पायरी आपल्या भागात अत्यावश्यक आहे, ती म्हणजे मुलाचे लक्ष कोणत्या कारणाने उडते याचा कसून शोध घेणे. वीटभट्टीवर मध्यरात्रीनंतर काम सुरू होते तेव्हा आईबापांबरोबर ज्याची झोप मोडते, ज्याचा कान वर्षभर वाहतो, ज्याला फळ्यावरचे अक्षर दिसत नाही, ज्याच्या अंगात रक्त कमी आहे, किंवा ज्याच्या घरी कातकरी वा ठाकरी बोली बोलली जाते आणि पुस्तकातली मराठी ज्याला निम्मीअधिक परकी आहे, ते मूलही वर्गात अगदी तसेच चुळबुळ करते. म्हणूनच ही लक्षणे बाराव्या वर्षाआधीची, निदान सहा महिने टिकलेली आणि शाळा व घर अशा एकाहून अधिक ठिकाणी दिसणारी असावीत, असा निदानाचा नियम आहे. उलटपक्षी, एखादा मुलगा ओहोळातले खेकडे पकडताना तासभर तल्लीन होतो म्हणून वर्गात तो मुद्दाम आळस करतो असा निष्कर्ष काढणेही चुकीचे, कारण आवडीच्या आणि क्षणोक्षणी फळ देणाऱ्या कामात ही मुले पुष्कळदा रमतात. शाळकरी मुलांच्या तपासणीचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथेच सुरू झाला, आणि पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. त्याच्या ३० विकारांच्या यादीत अवधानाच्या या विकाराचाही समावेश आहे. तपासणीस येणाऱ्या पथकापुढे गुरुजींनी ताप-खरजेच्या मुलांबरोबर हा 'लक्ष नाही' शेऱ्याचा मुलगाही उभा करावा, एवढे तर आजच शक्य आहे.

वर्गातील उपाय साधे असले तरी ते चिकाटीने, रोज आणि सर्वांनी सारखेच करावे लागतात. मुलाला दारा-खिडकीपासून दूर, फळ्याजवळ बसवावे. सूचना लांबून ओरडून न देता जवळ जाऊन, नाव घेऊन, एका वेळी एकच द्यावी आणि ती त्याच्याकडून वदवून घ्यावी. दहा गणितांचे काम तीन-तीन गणितांत तोडावे, आणि प्रत्येक तुकडा झाला की त्याला उठण्याचे रास्त निमित्त द्यावे: हंडा भरून आणणे, फळा पुसणे, वह्या गोळा करणे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चांगले वर्तन घडताच, त्याच क्षणी आणि नेमक्या शब्दांत त्याची दखल घ्यावी. 'शहाणा मुलगा' असे मोघम न म्हणता 'आज तू हात वर करून थांबलास' असे म्हणावे. ज्याला उद्याचे बक्षीस दिसत नाही त्याला आत्ताचे दिसले पाहिजे, म्हणून ठरलेल्या कामगिरीला लगेच एक चिंचोका द्यावा आणि दहा चिंचोके जमले की आवडीचा खेळ किंवा गोष्ट मिळावी. याला दमडीचा खर्च नाही. किरकोळ चुळबुळीकडे काणाडोळा करावा, आणि मोठ्या आगळिकीचा परिणाम आधी सांगितलेला, लहानसा आणि न रागावता अमलात आणलेला असावा. छडी तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने निषिद्धच आहे, आणि या मुलाच्या बाबतीत ती निष्फळही आहे, कारण नियम त्याला ठाऊक असतो. तो आठवून क्षणभर थांबणे त्याला जमत नाही. इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांना २००९ साली असे आढळले, की अशी मुले झाडीतून २० मिनिटे चालून आल्यावर शहरी रस्त्यावरून चालून आल्यापेक्षा अधिक चांगले लक्ष देतात. मुले अवघी १७ होती, तेव्हा यावर फार मोठी इमारत उभारू नये. पण माहुलीच्या किंवा सिद्धगडाच्या पायथ्याच्या शाळेला हा प्रयोग करून पाहण्यास कोणाच्या मंजुरीची आवश्यकता नाही.

माझ्या मते खरी मेख पालकांच्या प्रशिक्षणात आहे. हे सर्व शास्त्र एक गृहीत धरून चालते, की रोज संध्याकाळी मुलाबरोबर कोणी एक मोठे माणूस घरात असते, आणि त्याला आठवड्यातून एकदा बैठकीस बोलावता येते. आपल्या भागातील मुलाला सकाळी उठवणारे, रागावणारे आणि जेवायला वाढणारे माणूस कोण, हे आधी विचारले पाहिजे. शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या अखत्यारीतील आश्रमशाळांत राहणाऱ्या मुलाच्या बाबतीत, सुट्ट्यांचे दिवस वगळता, ते माणूस म्हणजे अधीक्षक किंवा अधीक्षिका, आणि पुष्कळदा स्वयंपाकी व कामाठीसुद्धा. आईबाप दिवाळीनंतर भट्टीवर गेले आणि मूल पाड्यावर राहिले, तर ते माणूस म्हणजे आजी. आईबापांबरोबर मूलही भिवंडी-कल्याणकडे गेले तर रात्रपाळीने शिणलेली आई, जिला बैठकीस बोलावणे ही क्रूरताच ठरेल. तेव्हा 'पालक प्रशिक्षण' हे शब्द जसेच्या तसे उचलून महिन्याच्या पालकसभेत अर्ध्या तासाचे व्याख्यान ठेवण्याने काहीही साधणार नाही. आश्रमशाळेत प्रशिक्षणाचा पहिला हक्क अधीक्षकाचा आहे; शेकडो मुलांच्या हजेरीखाली दबलेल्या त्या माणसाला 'एकच सूचना, तत्काळ शाबासकी, ठरलेला दिनक्रम' ही त्रिसूत्री प्रात्यक्षिकासह शिकवली, आणि वर्गशिक्षकाने व त्याने एकच वही ठेवून दिवसाचे दोन-तीन मुद्दे एकमेकांना कळवले, तर मुलाला दोन्हीकडे एकच नियम भेटेल. पाड्यावर हे काम अंगणवाडीच्या बाईंनी आजीच्या ओटीवर बसून, तिच्या बोलीत आणि भातलावणीचे दिवस टाळून करावे, आणि त्याचा मोबदला त्यांना मिळावा. आधीच वाकलेल्या खांद्यांवर आणखी एक फुकटचे ओझे टाकण्याची तजवीज मी सुचवीत नाही.

मुलाने शाळेच्या सोयीने वागावे की शाळेने मुलाच्या सोयीने, हा प्रश्न या जिल्ह्याला नवा नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले, पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, आणि गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत असे दिसल्यावर कुरणशाळा काढून शाळाच गुरांच्या मागे नेली. बोर्डी-कोसबाडचा हा डहाणू तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होता. त्यांनी आदिवासी मुलाला अवधान नाही असा शेरा मारला नाही. त्याचे अवधान जेथे होते तेथे त्या गेल्या. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी वसई भागात विधायक संसद या संस्थेने चालवलेल्या भोंगाशाळांमागेही हीच दृष्टी होती. दोन शिक्षकी शाळेत दोन-तीन इयत्ता एकत्र बसतात, ही आपण अडचण समजतो, आणि गलबल्यामुळे या मुलाला ती बाधतेही. पण अशा शाळेत गुरुजींना मुलाची आजी नावाने ठाऊक असते, आणि लहान गटातून उठून दुसऱ्या गटात जाणे तेथे गुन्हा ठरत नाही. शहरातल्या साठ मुलांच्या वर्गाला या दोन्ही गोष्टी दुर्लभ आहेत.

गट साधन केंद्रांतील समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांनी दोन्ही तालुक्यांत हे प्रशिक्षण जूनमध्ये, शाळा सुरू होताच घ्यावे, आणि वर्षातून एकदाच न घेता दर केंद्रात महिन्याला एकदा प्रत्यक्ष मूल समोर ठेवून त्याचा आढावा घ्यावा. बाजारातील स्मरणशक्तीची टॉनिके आणि बुद्धी जागृत करण्याची शिबिरे यांवर गरीब आईबापांचा पैसा जातो. या टॉनिकांना व शिबिरांना कोणताही भरवशाचा आधार नाही, हे या प्रशिक्षणातच स्पष्ट सांगितले जावे. आणखी एक गोष्ट, जी मला सर्वांत निकडीची वाटते. हंगामी स्थलांतर करणाऱ्या मुलाला गावची शाळा शिक्षण हमी पत्रक देते, जेणेकरून भट्टीजवळच्या शाळेने त्याला सामावून घ्यावे. त्या कागदावर त्याचे नाव व इयत्ता येते. परंतु जून ते दिवाळी या पाच महिन्यांत गुरुजींनी जे कष्टाने जाणून घेतले ते गावातच राहते, आणि भट्टीजवळच्या अनोळखी वर्गात मुलगा पुन्हा पहिल्या दिवसापासून मस्तीखोर ठरतो. त्याच कागदाला एक पुरवणी जोडावी आणि तीत चार ओळी लिहाव्यात: याला फळ्याजवळ बसवावे, एका वेळी एकच काम सांगावे, तीन गणितांनंतर उठू द्यावे, कान व डोळे अमुक महिन्यात तपासले आहेत. यासाठी नवा निधी लागत नाही, नवे पद लागत नाही. दोन्ही तालुक्यांच्या गटशिक्षणाधिकाऱ्यांनी परिपत्रक काढले, तर येत्या दिवाळीपूर्वी ही पुरवणी मुलाच्या दप्तरात पडू शकते.