‘नैसर्गिक’ आहे ना? मग रिपोर्ट दाखवा

माझी सगळी नोकरी तारापूरच्या एमआयडीसीत, एका औषध कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे गुणवत्ता तपासणीत झाली. आलेल्या मालाचा नमुना एचपीएलसीवर लावायचा आणि आलेख वाचायचा, हे काम. आलेखातलं मोठं शिखर म्हणजे आपलं औषध आणि त्याच्या आजूबाजूची बारीक शिखरं म्हणजे अशुद्धी. त्यातली एखादी ०.१ टक्क्याच्या वर गेली आणि ती नेमकी काय आहे हे सांगता आलं नाही, तर बॅच अडते. प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसले, डिस्पॅचचे फोन आले, तरी अडते. अंगदुखीच्या साध्या गोळीतल्या औषधालासुद्धा हा आंतरराष्ट्रीय दंडक लागू आहे.

ही सवय अंगात मुरल्यामुळे सोसायटीतल्या बायका हल्ली ‘हेम्प’च्या, म्हणजे भांगेच्या, बाटल्या दाखवायला आणतात, तेव्हा लेबलावरचं हिरवं पान मला फारसं काही सांगत नाही. “काकू, नॅचरल आहे हो,” असं त्या म्हणतात. कुणाला गुडघ्यासाठी हवं असतं, कुणाला झोपेसाठी. पण एकाच नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि त्यातली तिसरी घरात येऊ देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिली वस्तू म्हणजे भांगेचं बी आणि त्याचं तेल. कुमाऊंत या बियांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या वाटली जाते. एफएसएसएआयनं नोव्हेंबर २०२१ मध्ये बी, तेल आणि पीठ यांना अन्न म्हणून मान्यता दिली. नशा आणणाऱ्या टीएचसीची मर्यादाही ठरवली: बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम, तेलात १० मिलिग्रॅम. भांगेतलंच दुसरं द्रव्य, सीबीडी, किलोमागे ७५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. म्हणजे बियांचं तेल दाखवून कुणी ‘सीबीडीमुळे दुखणं पळतं’ असं सांगत असेल, तर तो आपल्याला बनवतो आहे. या तेलात ओमेगा-३ आणि ओमेगा-६ चांगली असतात. ते फोडणीला वापरू नये, फ्रिजमध्ये ठेवावं, कोशिंबिरीवर घालावं. एवढं पुरे आहे. त्याला धन्वंतरी करायची गरज नाही.

दुसरी वस्तू पानांपासून केलेली, आयुर्वेदातली विजया. आपला अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्याच्या गांजाच्या व्याख्येतून बी आणि पानं वगळलेली आहेत, अट इतकीच की सोबत शेंडे नसावेत. त्या फटीतून ही औषधं कायदेशीरपणे येतात. पण भांग औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. म्हणून बाटलीवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावं अशी सूचना लागते. ती सूचना शोभेची नाही. या औषधांतलं सीबीडी यकृतातल्या विकरांना अडवतं, त्यामुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळीचा परिणाम वाढू शकतो. ज्यांच्या डब्यात सकाळ-संध्याकाळच्या गोळ्या आहेत, त्यांनी वैद्याला आणि डॉक्टरांना, दोघांनाही सांगूनच हे घ्यावं.

तिसरी वस्तू परदेशातून बॅगेतून येते. मुलगा किंवा सून न्यू जर्सीहून गोळ्या आणते, जेलीच्या, फळांच्या चवीच्या. डबीवर ‘हेम्पपासून बनवलेलं’ असं लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं. अमेरिकेनं २०१८ च्या कृषी कायद्यात ०.३ टक्क्यापर्यंत डेल्टा-९ टीएचसी असलेली भांग शेतमाल म्हणून मोकळी केली. पीक वाढलं, सीबीडीचा साठा पडून राहिला, भाव कोसळले. मग त्या सीबीडीवर आम्लाची प्रक्रिया करून त्याचं डेल्टा-८ टीएचसी करायला सुरुवात झाली, कारण त्यानं नशा येते आणि कायद्यात त्याचं नाव नव्हतं. वनस्पतीत ते नावापुरतंच असतं. दुकानातलं जवळजवळ सगळं रिॲक्टरमधलं. ही किमया नवीही नाही. इलिनॉय विद्यापीठात रॉजर ॲडम्स यांनी सीबीडीचं टीएचसीत रूपांतर १९४० च्या दशकातच करून दाखवलं होतं. नवीन आहे ती ते मिठाईत घालून विकण्याची घाई.

रसायनशास्त्राच्या बाजूनं बघा. आम्ल कोणतं, तापमान किती, किती तास ठेवलं यावर शेवटचं मिश्रण ठरतं. डेल्टा-८ सोबत डेल्टा-९ येतं, इतर समघटक येतात, आणि ज्यांना नाव देता येत नाही अशीही शिखरं येतात. वर आम्ल आणि द्रावक नीट धुऊन काढले की नाही, हा प्रश्न राहतोच. आमच्याकडे ज्या आलेखानं बॅच अडली असती, तसा आलेख असलेला माल तिथे पेट्रोल पंपावर मिळू लागला. जानेवारी २०२१ ते फेब्रुवारी २०२२ या काळात अमेरिकेतल्या विषबाधा केंद्रांकडे डेल्टा-८ ची २,३६२ प्रकरणं नोंदली गेली. त्यातली ४१ टक्के अठरा वर्षांखालच्या मुलांची होती. अखेर नोव्हेंबर २०२५ मध्ये तिथल्या संसदेनं हेम्पची व्याख्या बदलून अशी बनवलेली द्रव्यं बाहेर काढली आणि अंमलबजावणीला वर्षभराची मुदत दिली. आपल्याकडे मात्र टीएचसी आणि त्याचे समघटक एनडीपीएसच्या यादीत आधीपासूनच आहेत. विमानतळावर ती डबी सापडली, तर ‘आईच्या झोपेसाठी आणली’ हे उत्तर कामाला येणार नाही.

यावर कुणी मला विचारेल, की बाई, तुमचं सगळं पोट रसायनांवर भरलं, आता रसायनाला नावं ठेवता? प्रश्न रास्त आहे. प्रक्रिया करणं हा दोष नव्हे. भांगेची पानं धुऊन, वाळवून, तुपात परतून शुद्ध करण्याची आयुर्वेदातली रीत हीसुद्धा प्रक्रियाच. आणि निसर्गाचं म्हणून निर्धोक असंही नाही. धोतरा काय कमी नैसर्गिक आहे? भांगेचं झाड जमिनीतलं शिसं आणि कॅडमियम ओढून घेतं, म्हणून दूषित जमीन साफ करण्यासाठी त्याच्यावर प्रयोग होतात. तेव्हा शेतातला मालही तपासूनच घ्यायला हवा.

तरीही मी बी आणि पान यांच्या बाजूनं आहे, कारण त्यांचा जाब विचारता येतो. बियांना अन्नाचे नियम आहेत, विजयेला औषधाचा परवाना आणि वैद्य आहे, आणि दोन्हींमागे शेकडो वर्षांच्या वापराचा अनुभव आहे. रिॲक्टरमधून निघालेला रेणू औषध म्हणून आला, तर त्यानं औषधाच्या परीक्षा द्याव्यात: अशुद्धी मोजाव्यात, प्राण्यांवर आणि माणसांवर चाचण्या व्हाव्यात, दुष्परिणाम नोंदवले जावेत. वनस्पतीतून काढलेल्या, अपस्मारावरच्या शुद्ध सीबीडीनंसुद्धा त्या दिल्या आणि २०१८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळवली. रसायनाचा माल आणि शेतमालाचं लेबल, अशी दोन्हीकडची सवलत कुणालाच मिळता कामा नये.

आपल्या अन्न व औषध प्रशासनानं त्यासाठी दोन गोष्टी कराव्यात. नुसतं ‘हेम्प ऑइल’ लिहायला बंदी घालावी. बियांचं तेल की पानांचा अर्क, हे ठळक मराठीत छापलं जावं. आणि प्रत्येक बॅचचा तपासणी रिपोर्ट, जड धातू, द्रावक आणि टीएचसीच्या आकड्यांसह, डबीवरच्या क्यूआर कोडमधून ग्राहकाला दिसावा. ऑनलाइन विकणाऱ्यांनाही हेच लागू करावं.

तोवर हे काम आपणच करायचं. विकणाऱ्याला बॅच नंबर सांगून रिपोर्ट मागायचा. प्रामाणिक उत्पादक तो पाठवतो, कारण त्यानं त्यासाठी पैसे मोजलेले असतात. जो रिपोर्टऐवजी हिमालयाचा फोटो पाठवतो, त्याच्याकडून काही घेऊ नका.