व्हायोलिनची मातृभाषा

मुलाला गाणेबजावणे शिकवायचे म्हटले की आपल्या घरांतून पहिला प्रश्न निघतो तो वाद्य कितीला पडेल हा, आणि दुसरा क्लास कुठे आहे हा. मूल घरी ऐकणार काय, हा प्रश्न कुणाच्या ओठांवर येत नाही. गेली दोन वर्षे आमच्या दहिसरच्या घरात एक चिमुकले व्हायोलिन नांदते आहे. मी मराठीचा प्राध्यापक असूनही त्याच्या खुंट्या पिळताना शेजाऱ्यांनी मला पाहिले आहे. तेव्हापासून पालकमंडळी माझ्याकडे सल्ल्याला येतात. "प्रोफेसरसाहेब, सुझुकीचे पुस्तक कुठले घेऊ?" मी म्हणतो, पुस्तकाचे पुढे पाहू, सकाळी तुमच्या घरात काय वाजत असते ते आधी सांगा.

हे सुझुकी मोटारवाले नव्हेत. शिनिची सुझुकी (१८९८-१९९८) हे जपानातले व्हायोलिनशिक्षक. त्यांच्या वडिलांचा नागोयाला व्हायोलिनचा कारखाना होता, आणि तरीही लहानपणी त्यांच्या लेखी व्हायोलिन म्हणजे भावंडांच्या भांडणात हाताशी येणारे एक खेळणे! ऐन तारुण्यात त्यांनी मिशा एल्मनने वाजवलेल्या शूबर्टच्या 'आवे मारिया'ची रेकॉर्ड ऐकली आणि गृहस्थ थक्कच झाले. आपण रोज ज्या लाकडी खोक्यांत वावरतो त्यांतून असा आवाज निघतो! कारखान्यातले एक वाद्य घरी आणून रेकॉर्डबरहुकूम वाजवण्याची खटपट त्यांनी सुरू केली. पुढे बर्लिनला कार्ल क्लिंगलरकडे त्यांनी रीतसर शिक्षण घेतले, परंतु त्यांचा पहिला गुरू ती तबकडीच.

त्यांच्या ध्यानात आलेली गोष्ट आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर असते. जपानातले झाडून सारे मूल जपानी बोलते. अवघड भाषा, पण कुणी नापास होत नाही. का? तर जन्मल्यापासून ती कानांवर पडते, आई तोच शब्द हजारदा उच्चारते, मूल चुकले तरी हसून पुन्हा म्हणते, आणि अक्षरओळख पुष्कळ नंतर येते. मग व्हायोलिनही तसेच शिकवून पाहू, असे म्हणून महायुद्धानंतर, १९४६ पासून, त्यांनी मात्सुमोतो गावी आपली शाळा उभारली. १९६१ साली पाब्लो कासाल्स हा थोर चेलोवादक टोकियोस आला, तेव्हा चारेकशे चिमुरडी एकत्र वाजवताना ऐकून त्याचे डोळे भरून आले. १९६४ साली अशा दहा मुलांना घेऊन सुझुकी अमेरिकेत गेले आणि तिथून ही पद्धत जगभर पसरली.

त्यांनी सांगितलेली एका पक्ष्याची गोष्ट मला फार आवडते. एका गृहस्थाने पाळलेल्या छोट्या पोपटाला त्याचे नाव शिकवायला घेतले. सुमारे तीन हजार वेळा म्हणावे तेव्हा कुठे पठ्ठ्याने ते उच्चारले; पण पुढचा शब्द यायला दोनशे वेळाच पुरले. आपण पालक दोन हजार नऊशेव्या वेळी क्लास सोडतो, एवढाच काय तो फरक.

तर ऐकण्याचे साधन म्हणून नेमके काय घ्यावे? सुझुकींच्या व्हायोलिनच्या दहा पुस्तकांतले पहिले पुरे. त्यात 'ट्विंकल'च्या चालीपासून गोसेकच्या गावोतपर्यंत सतरा तुकडे आहेत आणि त्यांची ध्वनिमुद्रिका मिळते. पहिल्या तीन पुस्तकांचे अलीकडचे वादन हिलरी हान या नामवंत अमेरिकन बाईंचे आहे; चार वर्षांच्याही नव्हत्या तेव्हा त्या स्वतः याच पद्धतीने शिकू लागल्या. ही मुद्रिका रोज लावायची, पण "बस इथे, ऐक नीट" असे म्हणून नव्हे. पोहे परतताना, शाळेचे दप्तर भरताना, चपला शोधताना, हलक्या आवाजात. मूल लक्ष देत नाही म्हणून हिरमुसू नका. तुम्ही आईचे बोलणे लक्ष देऊन ऐकले होते काय?

आणि वादक एकच ठेवा. पूर्वी आवडते वादन रेडिओवर आठवड्यातून एकदा लागे. ते चुकले तर जीव हळहळे. आता हातातल्या फोनमध्ये एकेका चालीची पन्नास वादने आहेत. आईबाप उत्साहाने रोज नवे लावतात आणि मुलाच्या मनात एकाचेही चित्र उमटत नाही. लहान मुलाला तीच गोष्ट, त्याच शब्दांत हवी असते. आजी 'चिमणीचे घर मेणाचे' ऐवजी विटांचे म्हणाली तर कसा गहजब होतो ते आठवा.

माझ्या धंद्यातले थोडे सांगतो, रागावू नका. माझ्या वर्गात अस्सल मराठी घरांतली मुले येतात. त्यांना प्रयोग ओळखता येतो, समास सोडवता येतो, पण 'तिन्हीसांजा' म्हटले की ती एकमेकांकडे पाहतात. तो शब्द त्यांच्या कानांवरून कधी गेलेलाच नसतो, आणि जे कानांवरून गेले नाही ते मी फळ्यावर लिहून किती देणार? व्हायोलिनच्या क्लासला बोट धरून नेलेल्या मुलांची तीच गत होते. आठवड्यातले चाळीस मिनिट मास्तर स्वरांची भाषा बोलतात आणि उरलेला आठवडा घर मुके असते.

आमच्या कन्येचे सर आय. सी. कॉलनीत राहतात. त्यांचे शिक्षण सुझुकी पद्धतीचे नव्हे, जुन्या गोव्याकडच्या वळणाचे. पुस्तके मात्र ते सुझुकींची वापरतात. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फेजो आणि व्हायोलिन शिकवीत, आणि तिथली वादक मंडळी पुढे मुंबईच्या सिनेमासंगीतात आली. प्यारेलालना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस (१९२७-२०१२) हे मूळचे माजोर्ड्याचे. सरांच्या घरापासून जवळच मंडपेश्वरची लेणी आहेत. आत नृत्य करणारा शिव आणि वर पोर्तुगीजांच्या प्रार्थनामंदिराचे भग्नावशेष. क्लास सुटेपर्यंत मी पुष्कळदा तिथे जाऊन बसत असे. आता बसत नाही, कारण पालकाने क्लासच्या खोलीतच बसायचे, वही घेऊन, असा सरांचा दंडक आहे.

हा दंडक मात्र अगदी सुझुकींचाच. त्यांच्याकडे मुलाच्या हाती वाद्य येण्यापूर्वी आईला एक चाल वाजवायला शिकवीत. आई वाजवते, मजा येते, मग "मलाही दे" म्हणून मूल हट्ट धरते. त्या काळच्या जपानी आया दिवसभर घरी असत. आमच्याकडे सौभाग्यवती सकाळच्या लोकलने चर्चगेटला जातात आणि कॉलेज आटोपून मी दुपारी परततो. तेव्हा आईची भूमिका मजकडे आली. तीन आठवडे मी 'ट्विंकल' घासत होतो. शेवटी कन्येने माझ्या हातून वाद्य ओढून घेतले ते वाजवण्याच्या ओढीने की कानांचा छळ थांबवण्यासाठी, हे मी विचारले नाही.

त्याआधी महिनाभर तिच्या खांद्यावर खोके होते. गेल्या दिवाळीत या घरातून त्या घरात फिरत आलेला सोनपापडीचा खोका, त्याला चिकटवलेली एक फूटपट्टी, आणि गज म्हणून दुसरी. उभे कसे राहायचे, हनुवटी कुठे टेकायची, गज कसा धरायचा हे सारे त्यावर शिकून होते. खोके पडले तर रडारड नाही. खऱ्या वाद्याची घाई करू नका, आणि 'वाढत्या अंगाचे' म्हणून मोठे तर मुळीच घेऊ नका. ते १/१६ पासून १/१०, १/८, १/४, १/२, ३/४ असे मापांत मिळते. वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात लांब केला की त्याच्या टोकाच्या वळणाभोवती बोटे सहज वळली पाहिजेत.

सरावाचे म्हणाल तर चारपाच वर्षांच्या मुलाला दहा मिनिटे पुष्कळ. रोज, त्याच वेळी, आणि एका वेळी एकच गोष्ट पाहायची: आज गज सरळ, उद्या करंगळी वाकडी. आमच्याकडे दोन वाट्या आणि वीस चिंचोके आहेत. एकदा वाजवले की एक चिंचोका इकडून तिकडे. 'ट्विंकल'च्या पहिल्या प्रकारात चार छोटे आणि दोन लांब ठोके येतात. इंग्रजी मुले त्यावर आपले काहीतरी खाद्य म्हणतात. आम्ही 'गरम गरम लाडू' बसवले. कन्येला चकली हवी होती. चकली गार झाल्यावरच कुरकुरीत होते, हा सौभाग्यवतींचा मुद्दा बिनतोड होता, पण मात्रा जुळत असल्याने 'गरम गरम चकली' हाही पाठभेद आम्ही मान्य केला.

यंदाच्या पावसाळ्यात गाडी अडली. 'लाँग लाँग अगो' काही केल्या बसेना. कन्येने गज पेटीत टाकला आणि "मला नाही शिकायचे" म्हणून जाहीर केले. आठ दिवस वाद्य बंद. सर म्हणाले, वाजवू नका. रेकॉर्ड बंद करू नका. ती आपली सकाळी वाजत राहिली. माझ्या आईने जन्मात विलायती संगीत ऐकलेले नाही. ती भाजी निवडताना एके दिवशी तीच चाल गुणगुणू लागली, आणि तिसऱ्या ओळीत तिने ती एका भजनाकडे वळवली. आतल्या खोलीतून कन्या धावत आली. "आजी, अगं तसं नाही!" तिने सबंध चाल गाऊन दाखवली. एकही स्वर इकडचा तिकडे नाही. आई म्हणाली, "मग वाजवून दाखव बाई, मला म्हातारीला असे तोंडी कळत नाही." त्या संध्याकाळी पेटी उघडली. चाल लगेच बसली असे नव्हे. पंधरा दिवस गेले. पण आपल्याला ती येते हे तिला आता ठाऊक होते. बोटांना तेवढी यायची होती.

या पद्धतीने मुले पोपट होतात असा आक्षेप घेतात. ज्या घरी नुसती रेकॉर्ड लावून पालक आपल्या फोनमध्ये डोके घालतात तिथे तो खरा आहे. स्वरलिपी वाचायला उशीर होतो हाही खरा, आणि पहिले पुस्तक संपत आले की वाचन सुरू करण्याबद्दल शिक्षकांशी बोलावे. परंतु परीक्षेची ग्रेड लवकर मिळावी म्हणून वर्षभर तीनच तुकडे घोटून घेणारे पालक जेव्हा पोपटपंचीबद्दल बोलतात, तेव्हा मला मौज वाटते.

आणखी एक. आपल्या मुलाच्या कानांनी केवळ बाख आणि शूमनच का ऐकावे? आपल्याकडे हे वाद्य मांडी घालून, टोक पायाशी टेकवून वाजवतात, तारा निराळ्या जुळवतात; मांडणी निराळी, पण ऐकायला आडकाठी कसली? प्रभाकर जोग (१९३२-२०२१) यांचे 'गाणारे व्हायोलिन' लावा. मराठी गीतांच्या चाली ते अशा वाजवत की शब्द आपोआप ओठांवर येत. व्ही. जी. जोग आणि बिस्मिल्ला खाँ यांची जुगलबंदी लावा, डी. के. दातारांचा (१९३२-२०१८) एखादा राग रात्री झोपताना लावा. डॉ. एन. राजम तिसऱ्या वर्षी वडिलांपाशी शिकू लागल्या; त्यांची कन्या संगीता शंकर आणि नाती रागिणी व नंदिनी याही व्हायोलिनच वाजवतात. त्या घराला सुझुकींचे पुस्तक लागले नाही. घरात ती भाषाच बोलली जात होती.

बारीकसारीक सांगून टाकतो. शेजाऱ्यांसाठी घोडीवर बसवायचा रबरी म्यूट मिळतो. दुपारी दोन ते चार तरीही वाजवू नये. पावसात खुंट्या फुगून अडतात, ऑक्टोबरात घसरतात. अडणाऱ्या खुंटीला जरासा साबण आणि घसरणाऱ्या खुंटीला खडू लावावा. खडू मजकडे मुबलक आहे. आणि फराळाच्या हातांनी गजाच्या केसांना स्पर्श नको. तेल लागले की राळ धरत नाही.

कन्येचे १/८ चे वाद्य दसऱ्याला लहान पडले. अशी वाद्ये माळ्यावर टाकू नयेत. आमचे तिसऱ्या मजल्यावरच्या पाच वर्षांच्या मुलासाठी द्यायचे ठरले आहे. त्याच्या आईने ते अजून नेलेले नाही. ती गेल्या आठवड्यात आली आणि फक्त रेकॉर्ड फोनमध्ये घालून घेऊन गेली. सोनपापडीचा खोका तिला यंदा कुठूनही मिळेल.