सीट्स मोजण्याआधी दरवाजा मोजा

जुलै 2025 मध्ये राजगड युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला आणि होस्टेलमधल्या प्रत्येकाच्या मोबाईलवर ट्रेकच्या जाहिराती सुरू झाल्या. 'शेवटच्या पाच सीट्स!' डिजिटल मार्केटिंग म्हणून झकास आहे हो. पण गुंजवण्यातून चढणारी वाट शेवटी चोर दरवाजातच शिरते, आणि तिथे एका वेळी एकानेच वाकून आत जायचं. तीन बसेस एकदम आल्या की बाकीच्यांनी खाली रेलिंग धरून पावसात उभं राहायचं. ही रांग कुठल्या रीलमध्ये दिसते? इव्हेंटवाल्यांनी आधी तो दरवाजा बघून आकडा ठरवावा. आणि 'जेवणासहित' लिहिताय ना, मग पिठलं-भाकरी गुंजवण्यातल्याच घरची घ्या. पुण्याहून डबे नेले तर गावाला काय, रिकामे डबे? आपल्या ट्रेक ग्रुपचं पुढचं पोस्टर असं निघालं तर पहिलं नाव माझं लिहा.