घोड्याची गाडी : ॲल्युमिनियमची की पोलादाची?

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा मोठा बाजार भरतो. हे गाव १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात होते. आता ते नंदुरबार जिल्ह्यात आहे. बाजारात घोड्याची चाल, दात, अंगावरचे भोवरेसुद्धा बारकाईने पाहिले जातात. सौदा ठरला की तोच घोडा ट्रकमध्ये चढवून दोंडाईचामार्गे धुळ्याकडे किंवा पुढे जळगावकडे नेला जातो. त्या ट्रकची परीक्षा मात्र फारसे कोणी घेत नाही.

घोड्यासाठी खास ट्रेलर करून घ्यायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो धातूचा. पोलादाची घनता पाण्याच्या ७.८५ पट, तर ॲल्युमिनियमची २.७ पट. म्हणजे वजन एक-तृतीयांश होईल का? नाही. सारख्याच मापाचा ॲल्युमिनियमचा पत्रा त्याच भाराखाली तिप्पट वाकतो. पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून जाडी सुमारे १.४४ पट करावी लागते. हिशेब करून पाहा : वजन निम्म्यावर येते, त्याखाली नाही.

ॲल्युमिनियम गंजत नाही, हेही अर्धसत्यच. त्याच्यावरील ऑक्साइडचा थर हवेपासून संरक्षण करतो, पण हे ऑक्साइड उभयधर्मी असल्याने अल्कलीत विरघळते. घोड्याच्या मूत्रापासून अमोनिया तयार होतो. तळ धुतला नाही, तर धातू हळूहळू खाल्ला जातो. ॲल्युमिनियममध्ये पोलादी बोल्ट बसवला आणि तेथे खारट घाम मुरला, की लहानसा विद्युतघटच तयार होतो व ॲल्युमिनियम झिजते. पोलादही गंजते, पण तो गंज डोळ्यांना दिसतो, आणि पोलादाचे वेल्डिंग साध्या गॅरेजातही होते. ॲल्युमिनियमला आर्गॉन वायू आणि तयार हात लागतो. म्हणून आपल्याकडे रंग दिलेला पोलादी सांगाडाच बरा, असे मला वाटते.

परंतु खरा धोका धातूत नाही, बांधण्यात आहे. ताशी ३५ कि.मी. वेगाची गाडी १० मीटरांत थांबवली, तर ४०० किलोच्या घोड्याला थांबवण्यासाठी सुमारे १९०० न्यूटन बल लागते. म्हणजे जवळजवळ १९० किलो वजनाइतके. हे बल कोण देणार? पायाखालचे घर्षण आणि छातीपुढचा दांडा यांनी ते दिले पाहिजे. तळ गुळगुळीत असला, तर ते मानेच्या दोरावर येते. वेग दुप्पट झाला, तर गतिज ऊर्जा चौपट होते हेही विसरू नये.

१९७८ चे प्राणी-वाहतूक नियम हेच शास्त्र सांगतात. तळाला काथ्याची चटई किंवा फळ्या, दोन घोड्यांमध्ये निदान ८ सें.मी. व्यासाचा बांबू, मागे दोन भक्कम दांडे, तोंडे रहदारीपासून दूर डावीकडे, एका गाडीत चार ते सहाच घोडे आणि वेग ताशी ३५ कि.मी. पर्यंत.

यात मी कडीची भर घालतो. दोराची कडी नुसत्या पत्र्यावर कधीही बसवू नये, कारण झटक्याने पत्रा फाटतो. ती सांगाड्याच्या खांबाला आरपार बोल्टने, मागे जाड पट्टी देऊन बसवावी. ॲल्युमिनियम असेल, तर मध्ये नायलॉनचा वॉशर घालावा. दोर इतका लांब नको की पाय अडकेल, आणि इतका आखूडही नको की मान खाली घेता येणार नाही. तासन्‌तास मान वर राहिली, तर श्वासनळीत कफ साचून फुप्फुसाचा आजार होऊ शकतो. गाठ सुरगाठच असावी. घोडा पडला, तर एका ओढीने सुटली पाहिजे. निरगाठ सोडवत बसायला त्या वेळी कोणाला सवड मिळणार?

घोड्याच्या किमतीपुढे चटईची, बांबूची आणि एका कडीची किंमत कितीशी? सारंगखेड्याला गेलात, तर घोड्यांबरोबर ट्रकचा तळ आणि दोराची गाठही पाहून या.