रामसेंची भुते आणि जत्रेतला तंबू

यात्रांचा हंगाम जवळ आला की गावोगाव यात्रा कमिटीच्या बैठका बसतात. पाळण्याला किती जागा, मेवामिठाईची रांग कुठून, कुस्त्यांचा शेवटचा इनाम किती, तमाशाचा फड कुणाचा, यावर रात्र-रात्र खल होतो. तंबू टॉकीजचे नाव मात्र आता निघतच नाही. निघालेच तर कोपऱ्यातून कुणीतरी म्हणतो, “मोबाईलवर सगळं दिसतंय, आता तंबूत कोण बसतंय? आणि दाखवणार काय, ते भुताचे पिच्चर?”

ह्या भुताच्या पिच्चरबद्दलच आज चार शब्द लिहायचे आहेत. कारण त्यांना हिणवणे सोपे आहे, पण ते ज्यांनी काढले आणि ज्यांनी बघितले त्या दोघांवर त्यात अन्याय होतो.

रामसे बंधूंचे नाव चाळिशीच्या पुढच्या वाचकांना सांगायला नको. फतेहचंद रामसिंघानी यांचे फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान होते. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव उच्चारता येईना, म्हणून रामसिंघानीचे ‘रामसे’ झाले, असे सांगतात. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले, लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटले, आणि तिथून सिनेमाच्या नादाला लागले. १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला, तो पडला. पण त्यात पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा घालून चोरी करतात तो प्रसंग आला की थेटरात लोक सावरून बसायचे. तुलसी आणि श्याम ह्या दोघा भावांनी हे हेरले. अख्खा पिच्चर पडला तरी लोकांनी त्यातले काय उचलले हे त्यांनी बघितले, आणि पुढे तेवढेच पेरायचे ठरवले.

१९७२ सालचा ‘दो गज जमीन के नीचे’ हे त्याचे पीक. त्याचे चित्रीकरण झाले आपल्याच सातारा जिल्ह्यात, महाबळेश्वरला. मोठा नट नाही, स्टुडिओचा सेट नाही. घरची माणसे बरोबर घेतली, मुक्कामाला डोंगरावर गेले आणि महिना-दीड महिन्यात काम उरकून आले. सात भाऊ होते. कुणी कथा लिहायची, कुणी कॅमेरा धरायचा, कुणी आवाज नोंदवायचा, कुणी फिती कापून जोडायच्या, आणि तुलसी-श्याम यांनी दिग्दर्शन करायचे. खाणेपिणेही घरच्या बायकांच्या देखरेखीखाली. एकत्र कुटुंबाची शेती ज्यांनी केली आहे त्यांना ह्या कारभारात नवल वाटणार नाही. मजुरी बाहेर जात नाही म्हणून तर असला धंदा तगतो. पुढे वाटण्या होतात, तशा तिथेही वाटा वेगळ्या झाल्या, तो भाग सोडा.

थोड्या पैशात भीती कशी उभी करायची, हे मात्र त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. लाल, हिरवा, निळा असा रंगीत उजेड, धूर, करकरणारे दार, वाऱ्याचा आवाज आणि एक धिप्पाड माणूस. १९८४ च्या ‘पुराना मंदिर’मधला सामरी अनिरुद्ध अगरवाल यांनी केला. हा माणूस शिक्षणाने इंजिनिअर. पण त्यांची उंची आणि चेहराच असा, की रंगरंगोटीला फार खर्च नको. सामरीचे मुंडके एकीकडे पेटीत बंद, धड दुसरीकडे पुरलेले, आणि राजघराण्यातल्या प्रत्येक लेकीला बाळंतपणात मरण येईल असा त्याचा शाप. पाच मिनिटांत कुणालाही कळेल अशी गोष्ट. आपल्या नगरचे सदाशिव अमरापूरकरही त्यात होते. मध्येच जगदीप डाकू होऊन ‘शोले’ची टिंगल करून जातात. त्याचा मूळ कथेशी काडीचा संबंध नाही, पण तेवढ्यात बघणाऱ्याला दम खाता येतो.

हे पिच्चर शहरातल्या मोठ्या टीकाकारांसाठी नव्हतेच. लहान गावांत, बाजारपेठेच्या ठिकाणी ते चालत, आणि तिथून आमच्या जत्रेत येत. आमचे तर स्पष्ट मत आहे की भुताचा पिच्चर बघावा तर तंबूत. ट्रकमध्ये बसवलेले मशीन घरघरते आहे, एकीकडे बाया आणि एकीकडे पुरुष मातीत पोते टाकून बसलेले, आणि वाऱ्याने कनात फडफडली की ती पडद्यावरची की आपल्या पाठीमागची हे कळत नाही. रीळ बदलायच्या वेळी अंधार झाला तर तो अंधार खरा. पिच्चर सुटल्यावर दोन-तीन मैल उसाच्या कडेने चालत घरी जायचे. थंडगार थेटरातून निघून गाडीत बसणाऱ्याला ही मजा नाही. त्या एका रस्त्याने ‘पुराना मंदिर’ दुप्पट भारी व्हायचा.

आता आक्षेप. हे पिच्चर अंधश्रद्धा वाढवतात असे म्हणतात. त्यांत तांत्रिक आहे, काळे मांजर आहे, त्रिशुळाने भूत मरते, हे खरेच. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली झाला, त्याची गरज होतीच. पण भोंदू बाबाच्या दारात जो गेला तो घरच्या आजारपणाने, कर्जाने, पोर होत नाही म्हणून गेला, सामरीला बघून नव्हे. तंबूत तर उलटे चालायचे. भूत आले की आधी किंकाळी, मग शिट्टी आणि शेवटी, “अरं, तोंडाला रंग फासलाय!” असा पुकारा. चारशे माणसे एकदम हसली की भुताची काय किंमत राहते?

दुसरा आक्षेप मात्र आम्हाला मान्य आहे. बाईला न्हाणीघरात दाखवून शिट्ट्या मिळवायच्या ही खोड त्यांना होती, आणि १९८८ च्या ‘वीराना’मध्ये तर ती ठायीठायी आहे. तिचे समर्थन होऊ शकत नाही. बहुतेकांना प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र होते आणि ते योग्यच होते. जत्रेत ते कुणी बघत नसे आणि पोरे पुढच्या रांगेत बसत, हा दोष आपला.

१९९३ साली ‘झी हॉरर शो’ आला आणि भूत घरात येऊन बसले. पुढे रिळांचा जमाना संपला, फिल्मवरचे पिच्चर निघेनासे झाले आणि तंबूवाल्यांनी एकेक करून गाशा गुंडाळला. तुलसी रामसे २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली. तिकडे परदेशात ह्याच चित्रपटांच्या डिस्क साफसूफ करून विकल्या गेल्या. ज्यांना आपण टाकाऊ म्हणालो ते तिकडचे शौकीन पैसे देऊन घेतात. आणि ज्या गावांच्या जिवावर हे पिच्चर चालले, तिथे त्यांचे एक पोस्टरसुद्धा शिल्लक नाही.

म्हणून सरपंच, ग्रामसेवक आणि यात्रा कमिट्यांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. पहिली, जत्रेत अजून एखादा तंबूवाला येत असेल तर पाळण्याच्या भावाने त्याच्याकडून जागेचे भाडे मागू नका. पाळण्याच्या एका दिवसाच्या गल्ल्याइतका त्याचा आठवड्याचा होत नाही. भाडे कमी केलेत तर एक अट घाला, की एका रात्री हक्कदाराची परवानगी घेऊन जुना भुताचा पिच्चर लावायचा, आणि तोही उशिराच्या खेळाला, फक्त मोठ्यांसाठी. दारावर दोन स्वयंसेवक उभे केले की पोरे आत जात नाहीत.

दुसरी गोष्ट जास्त घाईची आहे. कित्येक जुन्या तंबूवाल्यांच्या गोठ्यात, माळ्यावर रिळांचे पत्र्याचे डबे, पोस्टरच्या गुंडाळ्या, तिकिटांची पुस्तके पडून असतात. फिल्म दमट जागेत ठेवली की आंबट वास मारू लागते, आकसते, आणि एकदा बिघडायला लागली की थांबत नाही. भंगारवाला तिचे किलोवर पैसे देतो. त्याआधी पुण्याला लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, तिथे एक पत्र टाकावे. डब्यावर पिच्चरचे नाव आणि रीळ नंबर लिहिलेला असतो, तो पत्रात द्यावा. अर्धवट रीळ असले तरी कळवावे, कारण उरलेले दुसऱ्या कुठल्या तरी गावच्या माळ्यावर असू शकते.