वीज की पेट्रोल: गाडी चालवण्याच्या आनंदाचा सुरती हिशेब

व्हिएतनामच्या विनफास्ट कंपनीने भारतातील आपले पहिले दालन २७ जुलै २०२५ रोजी उघडले, ते मुंबई-दिल्लीला बाजूला ठेवून सुरतेच्या पिपलोद भागात. जेमतेम बारा दिवस आधी अमेरिकेच्या टेस्लाने मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात आपले पहिले दालन थाटले होते. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये सुरतेच्याच एका उद्योजकाने दुबईहून टेस्लाची सायबरट्रक आणवली आणि ती पाहायला रस्त्यात गर्दी लोटली. हिरे आणि कापड यांच्या या व्यापारी शहराला विजेवरच्या गाड्यांची ओढ लागली आहे, हे यावरून उघड होते. मात्र ही ओढ कशाची आहे, पैशाच्या बचतीची, नव्या वस्तूच्या मिरवणुकीची, की गाडी चालवताना मिळणाऱ्या आनंदाची, याचा विचार आता करावा लागणार आहे.

त्याला कारण आहे. गुजरात सरकारने १ जुलै २०२१ पासून चार वर्षांसाठी विद्युत वाहन धोरण लागू केले होते. बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासामागे १० हजार रुपये आणि मोटारीसाठी कमाल दीड लाख रुपये असे थेट अनुदान त्यात होते. सुरत महापालिकेनेही २०२१ मध्येच शहरापुरते स्वतंत्र धोरण आखून वाहनकरात सवलत दिली. राज्याच्या धोरणाची मुदत जून २०२५ मध्ये संपली. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत खासगी मोटारींना अनुदान नाही. त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान पेट्रोल मोटारींवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तर विजेच्या मोटारींवरील कर पूर्वीप्रमाणेच ५ टक्के राहिला. दोहोंमधील अंतर अजून आहे, पण ते घटले आहे. अनुदानाची काठी काढून घेतल्यावर विजेच्या मोटारीला स्वतःच्या पायांवर उभे राहायचे आहे, आणि अशा वेळी ‘चालवायला कशी आहे?’ हा प्रश्न केवळ हौशी मंडळींचा राहत नाही.

सुरतेत तर तो कधीच केवळ हौसेचा नव्हता. या शहरात मोटार हे कर्तृत्वाचे बक्षीस असते. हिरे उद्योजक सवजी ढोलकिया यांनी २०१६ च्या दिवाळीत आपल्या कर्मचाऱ्यांना ४०० सदनिका आणि १२६० मोटारी दिल्या, २०१८ मध्ये पुन्हा ६०० मोटारी दिल्या, आणि देशभर त्याची चर्चा झाली. घासणीच्या चाकासमोर उमेदीची वर्षे घालवलेला कारागीर जेव्हा मोटारीच्या चाकामागे बसतो, तेव्हा त्याला तिच्याकडून प्रवासापेक्षा काही अधिक हवे असते. ते अधिक काय, हे दोन्ही प्रकारच्या गाड्या वेगवेगळ्या भाषेत सांगतात.

यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर फरक मुळातच आहे. पेट्रोलचे इंजिन आपला पूर्ण जोर विशिष्ट फेऱ्यांवर पोहोचल्यावरच देते. म्हणून त्याला क्लच आणि गिअर लागतात. विजेची मोटर पहिल्या फेरीपासूनच पूर्ण जोर देते. टाटांच्या नेक्सॉनचे उदाहरण सोयीचे आहे, कारण ती दोन्ही रूपांत मिळते. पेट्रोल नेक्सॉनच्या इंजिनाचा टॉर्क, म्हणजे चाक फिरवणारा जोर, १७० न्यूटन-मीटर आहे. ४५ किलोवॅट-तास बॅटरीच्या विद्युत नेक्सॉनचा २१५. महिंद्राच्या बीई ६ या गाडीत तो ३८० पर्यंत जातो आणि मोठ्या बॅटरीची ही गाडी शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग सात सेकंदांच्या आत गाठते, असे कंपनी सांगते. काही वर्षांपूर्वी असा वेग भारतात केवळ महागड्या आयात गाड्यांच्या वाट्याला येत असे. आज तो मध्यमवर्गाच्या वरच्या थराच्या आवाक्यात आला आहे.

सुरत शहराच्या रस्त्यांवर या गुणाची खरी परीक्षा होते. शंभराहून अधिक पूल असलेले हे शहर ‘पुलांचे शहर’ म्हणून मिरवते. जानेवारी २०२१ मध्ये भूमिपूजन झालेल्या मेट्रोच्या सुमारे ४० किलोमीटरच्या कामाने अनेक ठिकाणी रस्ते आकसले. थांबा, सरका, पुन्हा थांबा, मग पुलाची चढण, अशा वाहतुकीत पेट्रोल गाडीच्या चालकाचा डावा पाय क्लचवरून उतरत नाही आणि इंजिन उभ्या जागी इंधन जाळत राहते. विजेची गाडी येथे निवांत असते. उभी असताना तिचा आवाज नाही, थरथर नाही. पुलाच्या चढणीवर गिअर बदलण्याची घाई नाही. पाय उचलला की गाडी आपोआप मंदावते आणि वाया जाणाऱ्या गतीतली थोडी वीज बॅटरीत परत जाते. एकदम उसळी मारण्याची गंमत पहिल्या काही आठवड्यांत ओसरते. दिवसभराच्या धंद्याच्या दगदगीनंतर मिळणारी शांतता मात्र रोज नव्याने जाणवते. शहरात आनंदाचा अर्थ बहुतेकदा त्रासाची अनुपस्थिती असाच असतो, आणि तेथे विजेच्या गाडीची सरशी नि:संशय आहे.

शहराची हद्द ओलांडली की पारडे झुकू लागते. सुरतेत लाखो मराठी माणसे राहतात. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत यंत्रमाग आणि गिरण्यांच्या आधाराने वसलेली ही बहुतांश खान्देशी कुटुंबे आखाजीला, दिवाळीला, लग्नसराईत गावी निघतात. व्यारा, सोनगड, नवापूर ओलांडून कोंडाईबारीचा घाट चढायचा आणि साक्रीमार्गे धुळे गाठायचे, असा हा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. त्यावर विजेच्या गाडीचा स्वभाव उलटा होतो. पेट्रोलची गाडी गर्दीत जास्त पिते आणि मोकळ्या महामार्गावर कमी. विजेची गाडी गर्दीत काटकसरी असते आणि सलग वेगात उधळी बनते. जाहिरातीतला पल्ला आणि रस्त्यावरचा पल्ला यांतील दरी येथेच रुंदावते. डोळे रस्त्याऐवजी बॅटरीच्या आकड्यावर खिळले की चालवण्याचा आनंद उरत नाही. पेट्रोल पाच मिनिटांत भरून होते. वेगवान चार्जरलाही साधारण पाऊण तास लागतो, आणि सणाच्या गर्दीत आपल्या आधी दोन गाड्या उभ्या असतील तर दुपार तेथेच जाते.

घाटाची गोष्ट आणखी वेगळी. सापुताऱ्याची वळणे ज्यांनी लहान, हलक्या पेट्रोल गाडीने चढली आहेत, त्यांना वळणाआधी एक गिअर खाली उतरवणे, इंजिनाचा सूर चढणे आणि बाहेर पडताना गाडीने दिलेली हुंकारयुक्त साथ यांतले सुख ठाऊक असते. मारुतीची स्विफ्ट नऊशे किलोंच्या आसपास भरते. बॅटरी वाहणाऱ्या गाड्या त्याहून कितीतरी जड असतात. बॅटरी तळाशी असल्याने गाडीचा तोल खाली राहतो आणि ती वळणावर कमी कलते, हे खरे. तरीही वजन लपत नाही. आखूड वळणांच्या मालिकेत आणि खड्ड्यांत ते हाताला कळते. उतारावर मात्र विजेची गाडी पुन्हा बाजी मारते, कारण ब्रेक तापवण्याऐवजी ती उतरताना वीज साठवते. चढणीचा रस पेट्रोलमध्ये आणि उतरणीचा विसावा विजेत, असा हा हिशेब आहे.

उरतो तो आवाज. विद्युत गाड्यांच्या निर्मात्यांनाही त्याची उणीव जाणवते, याचा पुरावा त्यांच्याच गाड्यांत आहे. महिंद्राने आपल्या नव्या विद्युत गाड्यांच्या ध्वनींसाठी ए. आर. रहमान यांची मदत घेतली. ह्युंदाईने परदेशात विकल्या जाणाऱ्या आयोनिक ५ एन या गाडीत तर नसलेल्या गिअरचे झटके आणि नसलेल्या इंजिनाचा आवाज घातला. क्रोएशियातील रिमॅक कंपनीचे संस्थापक माते रिमॅक यांनी २०२४ मध्ये कबूल केले की, अतिश्रीमंत ग्राहकांना विजेच्या महागाड्या नको आहेत. अंकीय घड्याळ अधिक कामे करत असले तरी मोठी किंमत यांत्रिक घड्याळालाच मिळते, तसेच हे आहे.

सुरतेला हा युक्तिवाद परका नाही. नैसर्गिक हिरा आणि प्रयोगशाळेत घडवलेला हिरा यांचा वाद याच शहराच्या पेढ्यांवर रोज चालतो. पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी जून २०२३ मध्ये जिल बायडेन यांना भेट दिलेला साडेसात कॅरटचा हिरा प्रयोगशाळेतला होता आणि तो सुरतेतच तयार झाला होता. चमक तीच, रासायनिक घडण तीच, किंमत कितीतरी कमी. तरी काही ग्राहक भूगर्भातल्या हिऱ्यासाठीच अधिक पैसे मोजतात. पेट्रोल गाडीचेही पुढे असेच होण्याचा संभव आहे. रोजच्या वापरातून ती हळूहळू मागे सरेल आणि हौसेची, दुर्मीळतेची वस्तू म्हणून तिचे मोल टिकेल.

या सगळ्यात चालकाबाहेरच्या दोन गोष्टी सुटता कामा नयेत. पहिली सुरक्षेची. चालकाला सुखावणारी शांतता पादचाऱ्याला घातक ठरू शकते. दुचाकींनी आणि पायी चालणाऱ्यांनी भरलेल्या बाजारात आवाज न करता झेपावणारी दीड टनाची गाडी हा नवा धोका आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये विद्युत मोटारी व बसगाड्यांना इशारावजा आवाज सक्तीचा करण्याचा मसुदा काढला, तो याचसाठी. नव्या प्रारूपांना ऑक्टोबर २०२६ पासून आणि विद्यमान प्रारूपांना वर्षभरानंतर तो लागू करण्याचा प्रस्ताव आहे.

दुसरी गोष्ट समतेची. विजेच्या गाडीचे सारे सुख रात्री घरी चार्ज होण्यावर उभे आहे. वेसू किंवा पिपलोदमध्ये स्वतःची वाहनजागा असलेल्या कुटुंबाला ते सहज मिळते. लिंबायतच्या गल्लीत रस्त्याच्या कडेला गाडी लावणाऱ्याला वायर कोठून ओढायची, हेच उमगत नाही. नव्या इमारतींत २० टक्के वाहनजागा चार्जिंगसाठी सज्ज असाव्यात, अशी तरतूद केंद्राने २०१९ मध्ये आदर्श इमारत नियमांत केली. पण जुन्या चाळींना आणि सोसायट्यांना त्याचा उपयोग नाही. जोवर हे अंतर मिटत नाही, तोवर विजेची गाडी ज्याच्याकडे घर आणि अंगण दोन्ही आहे, त्याचीच राहील.

गोव्याने यातून घेण्यासारखे बरेच आहे. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी जुलै २०२३ मध्ये, जानेवारी २०२४ पासून नव्याने घेतल्या जाणाऱ्या पर्यटक टॅक्सी आणि भाड्याच्या मोटारी-दुचाकी विजेवरच्याच असाव्यात, अशी घोषणा केली होती. राज्य लहान, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे अंतर एका चार्जमध्ये आरामात मावणारे. पणजी-म्हापसा-मडगावची वाहतूक थांबत-सरकत चालणारी. सुरत शहराला जे अनुकूल ठरले, ते येथे जवळजवळ राज्यभर अनुकूल आहे. मात्र चोर्ला किंवा अनमोड घाट ओलांडून बेळगाव-हुबळीकडे जाणाऱ्याची चिंता कोंडाईबारी चढणाऱ्या खान्देशी माणसासारखीच आहे, आणि ती घोषणेने नव्हे, घाटापलीकडच्या चालू स्थितीतल्या चार्जरने मिटते. पर्यटकाला भाड्याने मिळालेली गाडी पूर्ण चार्ज केलेली असेल आणि हॉटेलच्या आवारात जोडणी असेल, तर तो आनंदाची आठवण घेऊन परतेल. तसे नसेल तर परत गेल्यावर पेट्रोलचीच गाडी घेईल.

अनुदानाने ग्राहक दालनापर्यंत येतो. दुसरी गाडीही विजेचीच घ्यायची की नाही, हे तो पहिल्या गाडीच्या अनुभवावरून ठरवतो. सरकारांनी आतापर्यंत विक्रीचे आकडे मोजले. यापुढे रस्त्यावरचे किती चार्जर खरोखर चालतात, त्यांच्यासमोर किती वेळ थांबावे लागते आणि स्वतःची वाहनजागा नसलेल्या किती घरांना वीज मिळते, हे मोजावे लागेल.