पिंग जातंय, फाइल जात नाही

घरच्या घरी डीटीपीची कामं करणाऱ्यांकडे एखादं जुनं मशीन अजून जिवापाड जपलेलं असतं. विंडोज एक्सपी, पेजमेकर ७ आणि श्री-लिपी किंवा आकृतीसारखा एखादा फाँटसंच. पेजमेकरची ही आवृत्ती २००१ची, आणि तीच शेवटची. फाँटच्या सॉफ्टवेअरचं कुलूप, म्हणजे डोंगल, बऱ्याचदा मशीनच्या मागे प्रिंटरच्या रुंद पोर्टात बसवलेलं, आणि नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नाही. त्यामुळे लग्नपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल, स्मरणिका हे सगळं जुन्यावर जुळवायचं आणि मेल, व्हॉट्सॲप, प्रुफं नव्यावर बघायची. मधली ने-आण पेन ड्राइव्हने. त्यात एकदा का व्हायरस शिरला, की सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट झालेले बघत बसायचं.

मग घरातली कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, "बाबा, सरळ लॅनने जोडा ना दोन्ही." केबल येते, दोन्हीकडे खटकन बसते, आणि पुढे काहीच होत नाही.

यानंतर जवळपास प्रत्येक जण एकच गोष्ट करतो: माउसचं उजवं बटण दाबून शेअरिंगच्या खिडक्या उघडतो. दिसेल त्या चौकोनात टिक करतो, दिसेल ती टिक काढतो, मशीन रीस्टार्ट करतो. तासाभराने कोणती टिक मुळात होती आणि कोणती आपण केली, याचा पत्ता उरत नाही. नेटवर्कचा शोध घ्यायचा तो तळापासून. आधी तार, मग पत्ता, मग फायरवॉल, मग नाव-पासवर्ड आणि सगळ्यात शेवटी शेअरिंग. खालची पायरी पक्की नसताना वरची तपासण्यात अर्थ नाही. जुन्या मशीनच्या बाबतीत तर शोधाचा शेवट वेगळ्याच ठिकाणी होतो, तो पुढे येईलच.

तारेची परीक्षा सोपी. केबल बसते तिथे बारीकसा दिवा असतो. तो लागला नाही, तर सॉफ्टवेअरच्या वाटेलाच जाऊ नये. दोन मशीन थेट एका केबलने जोडली असतील आणि दोन्हीकडची कार्डं जुनी असतील, तर साधी केबल चालत नाही, क्रॉसओव्हर लागते. कारण उघड आहे. शंभर मेगाबिटच्या कार्डात पहिल्या-दुसऱ्या पिनांवरून बोलायचं आणि तिसऱ्या-सहाव्या पिनांवरून ऐकायचं अशी वाटणी असते. साध्या केबलमध्ये एकाचं तोंड दुसऱ्याच्या तोंडालाच जोडलं जातं. क्रॉसओव्हरमध्ये एका टोकाला केशरी आणि हिरव्या जोडीची अदलाबदल केलेली असते. प्लगचं टोक उजेडात धरून रंगांचा क्रम पाहिला की झालं: दोन्ही टोकं सारखी तर साधी, एकीकडे केशरी आणि दुसरीकडे हिरवी आधी तर क्रॉसओव्हर. गिगाबिटची कार्डं आल्यावर ही अदलाबदल कार्ड आपली आपणच करू लागलं. म्हणून दोहोंतलं एक मशीन जरी नवं असलं, तरी बहुधा कोणतीही केबल चालून जाते.

पण नव्याची एक गंमत आहे. शंभर मेगाबिटला चारांपैकी दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. तपकिरी जोडीतली एक तार पिनेत नीट क्रिंप झाली नसेल, तर वीस वर्षांचं मशीन त्या केबलवर खुशाल चालतं आणि नवा लॅपटॉप मात्र अडखळतो. दोष अर्थातच जुन्या मशीनला दिला जातो.

याहून जुन्या काळी तर टीव्हीच्या केबलसारख्या दिसणाऱ्या को-ॲक्शियल तारेवर सगळी मशीन ओळीने टांगलेली असत. प्रत्येक मशीनमागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड, तारेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचे टर्मिनेटर, आणि लांबीची मर्यादा १८५ मीटर. झाडू मारताना एखाद्या टोकाचा टर्मिनेटर निघाला की एकाचं नाही, सगळ्यांचं नेटवर्क बंद. अशा तारेतला सैल जोड शोधणं ही शिक्षाच होती.

त्या शोधाचा एक किस्सा माइक मूस सांगत. मूस हे अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करत. डिसेंबर १९८३मध्ये एका संध्याकाळी बसून त्यांनी हजारेक ओळींचा एक छोटा प्रोग्राम लिहिला, तोच पिंग. दुसऱ्या मशीनला हाक मारायची, उत्तर आलं तर किती वेळात आलं ते सांगायचं, एवढंच त्याचं काम. पुढे एका परिषदेत कुणीतरी त्यांना हकिकत सांगितली: एका इमारतीतलं नेटवर्क मधूनच तुटत होतं. तिथल्या व्यवस्थापकाने पिंगचं प्रत्येक उत्तर कॉम्प्युटरकडून मोठ्याने बोलून घेण्याची सोय केली, आवाज स्टिरिओला जोडला आणि तो पूर्ण वाढवला. दर सेकंदाला "पिंग, पिंग" असा घोष सुरू. मग हा गडी इमारतभर फिरत एकेक जोड हलवून बघत राहिला. ज्या जोडाशी आवाज थांबला, तोच सैल.

आजही घरी आलेला मेकॅनिक पहिल्यांदा म्हणतो ते हेच, "पिंग मारून बघा, काका." मारायचं ते क्रमाने. आधी १२७.०.०.१ला, म्हणजे स्वतःलाच. इथे उत्तर नसेल तर मशीनमधली नेटवर्कची व्यवस्थाच बिघडलेली. मग स्वतःच्या खऱ्या पत्त्याला, आणि नंतर समोरच्याच्या.

तो खरा पत्ता कोणता, हे एक्सपीत आणि त्यानंतरच्या विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा सांगते. विंडोज ९५ आणि ९८ला विनआयपीसीएफजी. तिथे १६९.२५४ने सुरू होणारा आकडा दिसला की लोक हबकतात. त्याचा अर्थ एवढाच, की पत्ता वाटणारा राउटर भेटला नाही, म्हणून मशीनने स्वतःच एक पत्ता घेतला. दोन्ही मशीनवर असाच पत्ता असेल तर ती एकमेकांशी बोलूही शकतात. अडतं ते एकाचा १६९.२५४ आणि दुसऱ्याचा १९२.१६८ असतो तेव्हा. दुसरी नेहमीची भानगड दोन राउटरांची: ब्रॉडबँडवाल्याने दिलेला एक, आणि आतल्या खोलीत रेंज यावी म्हणून बाजारातून आणलेला दुसरा. एका मशीनचा पत्ता १९२.१६८.१ने सुरू, दुसऱ्याचा १९२.१६८.०ने. दोघांनाही इंटरनेट मिळतं, पण एकमेकांची मशीन यादीत दिसत नाहीत. आतल्या राउटरची पत्ते वाटण्याची सोय बंद करून बाहेरून येणारी केबल वॅनऐवजी लॅनच्या पोर्टात लावली, की दोन्ही एका घरात येतात.

वायफायने जोडायचं असेल तर वेगळी रडकथा. जुन्या कार्डांना पाच गिगाहर्ट्झचं वायफाय दिसतच नाही, आणि एक्सपीला तिसरा सर्व्हिस पॅक नसेल तर डब्ल्यूपीए२ची सुरक्षा झेपण्याची खात्री नाही. जुन्यासाठी केबलच बरी.

दोनच मशीन असतील तर सगळ्यात उत्तम उपाय म्हणजे पत्ते हातानेच द्यावेत. एकाला १९२.१६८.१०.१, दुसऱ्याला १९२.१६८.१०.२, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवेची जागा कोरी. गेटवे नसला की जुन्या मशीनला या तारेवरून बाहेर जायला वाट राहत नाही, आणि एक्सपीच्या बाबतीत ते इष्टच आहे. मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल ८ एप्रिल २०१४ला थांबवली. तशीही त्याच्यातल्या इंटरनेट एक्सप्लोररवर आजच्या बहुतेक साइट उघडत नाहीत. त्यावरून "नेटवर्कच बंद आहे" असा निष्कर्ष काढणारे कमी नाहीत.

मात्र कोऱ्या गेटवेचा एक परिणाम भोगावा लागतो. लॅपटॉप या जोडणीला अनोळखी नेटवर्क समजतो आणि रेल्वे स्टेशनवरच्या वायफायला लावावेत तसे कडक नियम लावतो. म्हणून एक्सपीवरून लॅपटॉपला पिंग मारलं की उत्तर नाही, पण लॅपटॉपवरून एक्सपीला मारलं तर कधी येतं. एक्सपीतही ऑगस्ट २००४च्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून फायरवॉल आपोआप चालू असतो, त्यामुळे उलटंही घडतं. पिंग एकाच दिशेने जात असेल तर तार निर्दोष आहे, एवढं नक्की. "फायरवॉल ऑफ करून टाका" हा सल्ला सर्रास मिळतो. घटकाभर बंद करून खात्री करायला हरकत नाही, पण कायमचा इलाज म्हणून समोरच्या त्या एका पत्त्यापुरतीच परवानगी लिहावी.

काही वेळा पिंग उत्तम जातं, पण दहा एमबीची फाइल रडत-रखडत जाते. जुन्या कार्डाच्या सेटिंगमध्ये कधीकाळी कुणी तरी फुल डुप्लेक्स असं सक्तीने लिहून ठेवलेलं असतं. समोरचं कार्ड आपोआप ठरवण्याच्या पद्धतीवर असतं. त्याला समोरून काही बोलणीच ऐकू येत नाहीत, म्हणून ते हाफ डुप्लेक्सवर उतरतं. मग एक जण बोलण्याआधी थांबतो, दुसरा थांबत नाही, आणि पाकिटं एकमेकांवर आदळत राहतात. पिंगची पाकिटं इवलीशी आणि सेकंदाला एक, ती निभावून जातात. दोन्हीकडे ऑटो केलं की फाइल धावू लागते.

नेटवर्कच्या यादीत समोरचं नाव दिसत नाही, याचा तर फार बाऊ केला जातो. एक्सपी होमचा वर्कग्रुप मुळात एमएसहोम नावाचा, बाकीच्यांचा वर्कग्रुप याच नावाचा. दोन्हीकडे एकच नाव द्यावं. तरी जुन्या पद्धतीत मशीन आपण हजर असल्याची दवंडी बारा-बारा मिनिटांनी देतं, त्यामुळे यादी नेहमी शिळीच असते. यादीची वाट न बघता दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे आयपी पत्ता टाइप करावा. नाव-पासवर्ड विचारला तर लॅपटॉपचा पिन टाकून उपयोग नाही, कारण पिन त्या मशीनपुरताच असतो. लॅपटॉपवर पासवर्डसह एक साधं खातं वेगळं काढावं लागतं.

एवढं सगळं निस्तरलं, पत्ता टाइप केला, आणि लॅपटॉप सांगतो: या जागेला एसएमबी१ लागतो, तो असुरक्षित आहे, जोडून देणार नाही. इथे बरेच जण पुन्हा केबल हलवू लागतात. पण हा बिघाड नाही, नकार आहे. एक्सपीला फाइल वाटून घेण्याची एसएमबी१ ही एकच भाषा येते, आणि २०१७च्या ऑक्टोबरपासूनच्या विंडोज १०ने ती सोडायला घेतली.

त्या नकारामागची हकिकत महाराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत आलेली आहे. मे २०१७मध्ये वॉनाक्राय नावाचा व्हायरस याच एसएमबी१मधल्या भोकातून जगभर पसरला. मायक्रोसॉफ्टला देखभाल संपलेल्या एक्सपीसाठीसुद्धा तातडीचं ठिगळ काढावं लागलं, इतका तो गंभीर. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, युक्रेनमधून नॉटपेट्या निघाला. पसरण्यासाठी त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक हीच. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली, आणि तिच्या समूहाकडे असलेलं जेएनपीटी बंदरातलं गेटवे टर्मिनल्स इंडियाही ठप्प झालं. मर्स्कने नंतर जाहीरपणे सांगितलं, की ४,००० सर्व्हर आणि ४५,००० पीसी पुन्हा नव्याने उभे करावे लागले. लॅपटॉप हट्टीपणा करतो असं वाटतं, तेव्हा त्याच्या बाजूने हे सगळं बोलत असतं.

विंडोजच्या फीचर्सच्या यादीत जाऊन एसएमबी१ची टिक पुन्हा करता येते, आणि इंटरनेटवर दिवसभर असणाऱ्या लॅपटॉपवर लोक ती करून विसरूनही जातात. त्यापेक्षा एफटीपी बरा. लॅपटॉपवर एफटीपी सर्व्हर बसवायचा, आणि एक्सपीवरून, अगदी विंडोज ९८वरूनही, काळ्या खिडकीत एफटीपीची आज्ञा देऊन फाइल ढकलायची. एफटीपीत पासवर्ड उघडा जातो हे खरं, पण दोनच मशीन आणि मध्ये दोन मीटरची तार असताना चोरून ऐकणार कोण? फक्त फाइल पाठवण्याआधी बायनरी असं टाइप करायला विसरायचं नाही. विंडोजची ही आज्ञा मुळात मजकुराच्या पद्धतीने फाइल पाठवते, आणि त्या पद्धतीने गेलेली पेजमेकरची फाइल पलीकडे मोडूनच उतरते. सगळा जुना साठा एकदाच हलवायचा असेल, तर नेटवर्कच्या फंदात न पडता हार्ड डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला लावावी.

पोहोचलेली पेजमेकरची पीएमडी फाइल लॅपटॉपवर उघडेल का, हा प्रश्न अर्थात उरतो. इनडिझाइनच्या सीएस६पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकरची फाइल उघडत, नंतरच्या उघडत नाहीत. आणि उघडली तरी जुना फाँट लॅपटॉपवर नसेल, तर वधूच्या नावाच्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांची गर्दी दिसते, कारण ते फाँट युनिकोडचे नाहीत. डीटीपीतली मुरलेली माणसं म्हणून एक्सपीवरच फाँटसकट पीडीएफ करून तेवढीच या तारेवरून पाठवतात, आणि पीएमडीची एक प्रत नुसती सांभाळायला म्हणून मागाहून ढकलतात.